स्केचअपची खालची ओळ वाचा: जिना, ग्रिल आणि जळगावचं ऊन

सिव्हिलचा डिप्लोमा करून ऑफिसात नवीन लागलेलं पोरगं असो की आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, स्केचअप, म्हणजे घराचं थ्रीडी मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर, हातात आलं की पहिल्या आठवड्यात प्रश्न ठरलेला असतो: "सर, कुठली प्लगइन टाकू?" प्लगइन म्हणजे वरून जोडायची जास्तीची अवजारं. माझं उत्तरही ठरलेलं. आधी स्क्रीनच्या तळाशी डावीकडे जी ओळ उमटते ती वाच. कुठलंही टूल हातात घेतलं की स्केचअप तिथे सांगतं, आता काय करायचं, आणि कंट्रोल, शिफ्ट किंवा ऑल्ट दाबलं तर हेच टूल अजून काय करील. ही ओळ कोणी वाचत नाही. एसटीत खिडकीबाहेर हात न काढण्याची सूचना जितक्या लक्षपूर्वक वाचतो, तितकीच हीही.

मीही वाचत नव्हतो. पहिल्या नोकरीत एका बंगल्याचा जिना मी पायरी-पायरी करून काढला. चौकोन काढ, वर ओढ, पुढचा चौकोन काढ, पुन्हा ओढ. जेवणानंतर बसलो तो चहा होऊन गेला तरी उठलो नाही. दुसऱ्या दिवशी मालकांनी मजल्याची उंची सहा इंचांनी वाढवली. आता तोच जिना दोन-तीन मिनिटांत होतो, आणि त्यासाठी मी एकही प्लगइन विकत घेतलेली नाही.

पुढे जे सांगतोय ते विंडोजवरच्या डेस्कटॉप स्केचअपबद्दल, मूळचे शॉर्टकट धरून. मॅकवर बहुतेक ठिकाणी कंट्रोलच्या जागी ऑप्शन दाबायचं. उदाहरणाला एकच घर घेऊ: जळगावात तीस बाय चाळीसचा प्लॉट, तळमजला अधिक एक, तोंड पश्चिमेला. मालक रावेरकडचे केळीवाले काका. बोलणं फुटात, आणि निर्णय साइटवर उभं राहून.

माप टाइप करा, चौकोनात क्लिक करू नका

उजव्या कोपऱ्यात तळाशी मापाचा छोटा चौकोन असतो. नवीन माणूस हमखास त्यात माउसने क्लिक करायला जातो. तिथपर्यंत जाताना हातातली रेष भलतीकडे ओढली जाते आणि मग चिडचिड. तिकडे जायचंच नाही. आर दाबून रेक्टँगल घ्या, एका कोपऱ्यावर क्लिक करा, माउस जरा तिरका सरकवा आणि सरळ टाइप करा: ३०',४०' आणि एंटर. प्लॉट तयार.

चुकलं? पुसायची गरज नाही. पुढचं काही करायच्या आत दुसरं माप टाइप करून एंटर मारा, तोच चौकोन बदलतो. कितीही वेळा. ही सवय लागली की अर्धं अनडू वाचतं.

दुसरी गोष्ट, जी मला फार उशिरा कळली: फाइल मिलिमीटरची असली तरी आकड्यापुढे इंचाचं चिन्ह लावून ९" टाइप केलं तर भिंत नऊ इंचांचीच येते. उलट फुटाच्या फाइलमध्ये २३० लिहून पुढे एमएम लावलं तरी चालतं. साडेचार इंची पार्टिशनला ४.५" लिहा, किंवा ४, स्पेस, १/२" लिहा. आपल्याकडे मिस्त्रीशी बोलायचं फूट-इंचात आणि मंजुरीचा नकाशा द्यायचा मीटरमध्ये. त्यामुळे कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून बसणारे लोक मी बघितलेत. नका बसू.

वर्तुळाचंही असंच. स्केचअपचं वर्तुळ खरं तर २४ बाजूंची आकृती असते. गॅलरीच्या रेलिंगला चाळीस गोल पाइप लावले आणि प्रत्येकाला २४ बाजू, की फाइल रडायला लागते. सी दाबल्यावर आधी ८ आणि त्यापुढे एस टाइप करून एंटर मारा, मग पाइप काढा. दहा फुटांवरून कोणालाही फरक दिसत नाही.

बाणांची बटणं

रेष काढताना किंवा वस्तू सरकवताना वरचा बाण दाबला की हालचाल निळ्या दिशेत, म्हणजे उभी, अडकते. उजवा बाण लाल, डावा हिरवा, म्हणजे जमिनीवरच्या दोन आडव्या दिशा. पुन्हा तोच बाण दाबला की सुटका. शिफ्ट धरून ठेवलं तर ज्या दिशेला आत्ता चालला आहात तीच पक्की होते.

खालचा बाण मात्र फार कमी लोकांना माहीत असतो, आणि आपल्या भागात तोच जास्त कामाचा. गावठाणातला प्लॉट कधी काटकोनात असतो का? एक बाजू तिरकी असतेच. अशा तिरक्या कडेवर माउस क्षणभर थांबवून खालचा बाण दाबा. आता तुमची रेष त्या कडेला समांतर किंवा काटकोनात राहील. अमळनेरच्या एका जुन्या गल्लीतलं घर काढताना याच एका बटणाने माझा दिवस वाचवला होता.

निवडण्याबद्दल थोडक्यात. एक क्लिक म्हणजे एक पृष्ठभाग, दोन म्हणजे त्याच्या कडांसकट, तीन म्हणजे जोडलेलं सगळं. डावीकडून उजवीकडे चौकट ओढली तर पूर्ण आत आलेलंच निवडलं जातं. उजवीकडून डावीकडे ओढली तर नुसता स्पर्श झालेलंही येतं. ऑटोकॅड, म्हणजे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, येत असेल तर हे अंगवळणी असेलच.

जिना

आता खरं काम. मजल्याची उंची दहा फूट सहा इंच, म्हणजे १२६ इंच. सात इंचांचा रायझर, म्हणजे एका पायरीची उभी उंची, धरला तर बरोबर १८ रायझर. मध्ये लँडिंग, म्हणजे वळणावरचा सपाट चौथरा, घेऊन नऊ आणि नऊ असा वळता जिना करायचा. लँडिंग ६३ इंचांवर, म्हणजे सव्वापाच फुटांवर येईल. प्रत्येक टप्प्यात पायऱ्या आठच. नववा रायझर चढलात की लँडिंग. नवीन मुलं इथे नऊ पायऱ्या काढतात आणि लँडिंग सात इंच वर जातं. एकदा कागदावर काढून बघा.

आर दाबा, ३'६",१०" असा चौकोन काढा. पी दाबून पुश-पुल घ्या, ७" वर ओढा. पायरीवर तीनदा क्लिक करून सगळी निवडा, जी दाबा आणि कंपोनंट बनवा. नाव द्या: पायरी. नाव न देता एंटर मारणाऱ्यांच्या फाइलमध्ये पुढे 'कंपोनंट ४७' सापडतो आणि तो काय आहे हे देवालाही सांगता येत नाही.

पायरी निवडलेली ठेवून एम दाबा, म्हणजे मूव्ह हातात येईल. कंट्रोल एकदा दाबून सोडा, धरून ठेवायचं नाही. कर्सरजवळ अधिकचं चिन्ह येईल, म्हणजे आता वस्तू हलणार नाही, तिची कॉपी निघेल. आता पकड कुठे घ्यायची हे महत्त्वाचं. पायरीचा पुढचा, खालचा कोपरा पकडा आणि त्याच पायरीच्या त्याच बाजूच्या मागच्या, वरच्या कोपऱ्यावर नेऊन सोडा. दहा इंच पुढे आणि सात इंच वर, दोन्ही मापं एका झटक्यात मिळाली. काही टाइप केलं नाही, काही मोजलं नाही.

आता माउसला हात लावू नका. ७ आणि त्याला लागून एक्स टाइप करा, एंटर. सात कॉप्या पुढे चढत गेल्या, मूळची एक धरून आठ पायऱ्या उभ्या. लँडिंगचा चौकोन काढा. मग आठही पायऱ्या निवडून कॉपी करा, क्यू दाबून १८० अंशांत फिरवा आणि लँडिंगवर बसवा.

कंपोनंट केल्याचा फायदा इथे कळतो. काकांना पायरीला एक इंच नोजिंग, म्हणजे पुढे आलेली कड, हवं झालं. कुठल्याही एका पायरीत दोनदा क्लिक करून आत शिरा, वरची कड एक इंच पुढे काढा. सोळाही पायऱ्यांना नोजिंग आलं. एखादीच वेगळी ठेवायची असेल, समजा पहिली पायरी रुंद, तर तिच्यावर राइट क्लिक करून मेक युनिक.

पण इथे एक फसवणूकही आहे. मजला सहा इंचांनी वाढून ११ फूट झाला तर एका पायरीची उंची वाढवून भागत नाही. पायऱ्या जाड होतील, पण त्यांच्यातलं चढतं अंतर जुनंच, सात इंचांचं राहील. सात कॉप्या पुसा, पहिली पायरी नीट करा, पुन्हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कॉपी आणि पुन्हा तेच सात-एक्स. एक मिनिटाचं काम. मात्र १३२ इंचांना सहा-सहाच्या २२ रायझर घ्यायच्या की साधारण सव्वासातच्या वर जाणाऱ्या १८, हे स्केचअप सांगणार नाही. साइटवर मिस्त्री पहिला प्रश्न हाच विचारणार आहे: "भाऊ, पायरी कितला इंचनी शे?" तेव्हा सात पूर्णांक एक तृतीयांश असं उत्तर देऊन बघा, तो कसा बघतो.

ग्रिल: एक्स नको, भागाकार

खिडकी चार फुटी, म्हणजे ४८ इंच. डाव्या टोकाचा उभा गज कंपोनंट करा. मूव्ह, कंट्रोल, आणि कॉपी थेट उजव्या टोकाला नेऊन ठेवा. आता /१२ टाइप करून एंटर. दोन्ही टोकांच्या मध्ये अकरा गज चार-चार इंचांवर बसले. दाट वाटले? लगेच /१० टाइप करा, पुन्हा वाटणी होते. एक्स म्हणजे हेच अंतर पुढे वाढवत जा, आणि भागाकार म्हणजे या दोघांच्या मधली जागा वाटून घे. कंपाउंडचे खांब, पॅरापेटची, म्हणजे गच्चीच्या कठड्याची, जाळी, गोठ्याच्या शेडचे पाइप, सगळीकडे हेच. रोटेटलाही चालतं: कंट्रोल दाबून ३६० अंश फिरवा, /१२ टाइप करा, गोल जाळीच्या बारा पाकळ्या तयार.

पुश-पुल, ऑफसेट आणि बदनाम खोडरबर

पुश-पुलने एकदा ३' पॅरापेट उचलला की पुढच्या भिंतीवर नुसतं दोनदा क्लिक करा, तीही तेवढीच उचलली जाते. ऑफसेटचंही, म्हणजे कडेला समांतर रेष काढणाऱ्या टूलचंही, तसंच: एफ दाबून एका खोलीला नऊ इंच आत घेतलं की बाकीच्या खोल्यांवर डबल क्लिक. जी उंची मॉडेलमध्ये आधीच कुठेतरी आहे, ती टाइप करू नका. ओढता ओढता माउस त्या भिंतीच्या वरच्या कडेवर न्या, तेवढ्याच उंचीवर येऊन थांबते. पुश-पुल चालू असताना कंट्रोल एकदा दाबलं तर जुना पृष्ठभाग जागेवर राहतो आणि त्याच्यावर नवा मजला चढतो. दुमजली घराचा ढोबळ आकार पाहायला एवढं पुरे.

खोडरबर, म्हणजे ई. गोल कॉलमवरच्या उभ्या रेषा डोळ्यांना खुपतात म्हणून नवीन माणूस त्या खोडायला जातो आणि कॉलमच उडतो. कारण रेष गेली की तिच्या आधाराने असलेला पृष्ठभागही गेला. कंट्रोल धरून खोडरबर फिरवा, रेष मऊ होते आणि कॉलम गुळगुळीत दिसतो. शिफ्ट धरून फिरवलं तर रेष फक्त लपते. रंगाच्या टूलमध्ये, म्हणजे बी दाबल्यावर, ऑल्ट धरून क्लिक केलं की समोरचा रंग उचलला जातो. शिफ्ट धरून रंगवलं की तो रंग जिथे जिथे आहे तिथे सगळीकडे बदलतो. काकांनी बाहेरचा रंग तीनदा बदलला तेव्हा हेच कामी आलं.

फॉलो-मी म्हणजे एखादा आकार कडेकडेने फिरवणारं टूल. त्यात लोक प्रोफाइल, म्हणजे तो आकार, धरून कडेकडेने माउस ओढत बसतात. तसं नको. आधी स्लॅबचा पृष्ठभाग निवडा, मग फॉलो-मी घ्या, मग पट्टीच्या छोट्या आकारावर क्लिक करा. चारही बाजूंना कॉर्निस फिरून येते. भुसावळ-जळगावकडे रो हाउसची कामं खूप निघतात. त्यात शेजारचं घर उलटं काढायला एस दाबून स्केल घ्या, मधला हँडल धरा आणि -१ टाइप करा. २०२३ पासूनच्या आवृत्तीत त्यासाठी फ्लिप नावाचं वेगळं टूलही आहे.

हे सगळं करण्याआधी प्रत्येक मजला, भिंती, स्लॅब वेगवेगळे ग्रुप करा. सुट्या रेषा एकमेकींना चिकटतात, ग्रुप चिकटत नाहीत. ज्यांना जुन्या शिक्षकांनी लेअर, म्हणजे वस्तू गटाने दाखवायची-लपवायची सोय, शिकवले त्यांच्यासाठी: २०२० पासून त्यांना टॅग म्हणतात, आणि टॅग ग्रुपला लावायचा. आतल्या सुट्या रेषांना नाही.

ऑटोकॅडमधून आलेली फाइल

पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीत डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची, फाइल आत घेता येते, मोफत आवृत्तीत ती सोय नाही. आणण्याआधी ऑटोकॅडमध्येच पर्ज आणि ओव्हरकिल या दोन कमांड चालवा. पहिली बिनवापराचे ब्लॉक-लेअर काढते, दुसरी एकावर एक पडलेल्या रेषा. इम्पोर्टच्या खिडकीत ऑप्शन्समध्ये जाऊन युनिटही बघून घ्या. नाहीतर चाळीस फुटांचा प्लॉट साधारण दीड इंचाचाही येऊ शकतो.

तसा आला तरी घाबरू नका. सगळं ग्रुपमध्ये घ्या, ग्रुपच्या आत शिरा, टी दाबून टेप मेजरने प्लॉटची लांब बाजू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा आणि ४०' टाइप करून एंटर मारा. मोठं करू का, असं विचारेल. हो म्हणा. मोजपट्टीचं टूल फक्त मोजायला नसतं, हे मला तीन वर्षांनी कळलं. कागदी नकाशाच्या फोटोवरही हीच युक्ती चालते.

जळगावच्या घरावर कोलोरॅडोचं ऊन

स्केचअप २००० साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावच्या एका कंपनीने आणलं. २००६ मध्ये ते गूगलकडे आणि २०१२ मध्ये ट्रिंबलकडे गेलं. इतिहास सांगायचं कारण एवढंच, की तुम्ही फाइलला जागा दिली नाही तर सावल्या बहुधा बोल्डरच्याच पडतात. ते गाव ४० अंश उत्तर अक्षांशावर, जळगाव २१ वर. तिथला सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. आपला मेच्या शेवटच्या आठवड्यात बरोबर डोक्यावर असतो, आणि नंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारी थोडा उत्तरेकडेच कलतो. ज्यांनी बोल्डरच्या सावल्या बघून 'उत्तरेची भिंत उन्हाळ्यात सुरक्षित' असं मालकाला सांगितलं, त्यांना सांगायला हवं.

मॉडेल इन्फोमध्ये जिओ-लोकेशन उघडा, हाताने अक्षांश-रेखांश भरा: २१.०१ उत्तर, ७५.५६ पूर्व. धुळ्याला साधारण २०.९ आणि ७४.८, नंदुरबारला २१.४ आणि ७४.२. मग शॅडोच्या पॅनलमध्ये टाइम झोन यूटीसी अधिक साडेपाच तास आहे ना, ते बघा. हिरवा अक्ष म्हणजे उत्तर, तेव्हा घर त्याप्रमाणे फिरवलेलं हवं. तारखेला मेचा शेवट ठेवा आणि वेळेचा स्लायडर सरकवत जा. जळगावात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या थोडं आधी. आपण भारतीय वेळेच्या रेखांशापासून बरेच पश्चिमेला आहोत म्हणून.

काकांच्या घराला पश्चिमेची चार फूट उंच खिडकी आणि तिच्यावर दोन फुटी छज्जा होता. साडेबाराला खिडकी पूर्ण सावलीत. चार वाजता छज्ज्याची सावली खाली जेमतेम पावणेदोन फूट, बाकी सगळी खिडकी उन्हात. पाच वाजता सावली एक फूट. म्हणजे दुपारची झोप मोडायच्या वेळेला छज्जा निव्वळ शोभेला. मी स्लायडर काकांच्याच हातात दिला. त्यांनी तीन-चारदा पुढे-मागे केला आणि म्हणाले, "मग इथे ओटा घ्या आणि जाळी लावा." छज्जा तीन फुटी करा म्हणून मी एरवी अर्धा तास वाद घातला असता. आमच्या आजोबांच्या धाब्याच्या घराला पश्चिमेकडे एकही खिडकी नव्हती. लहानपणी आम्हाला ते कोंदट वाटायचं. का नव्हती, ते हा स्लायडर फिरवताना कळलं.

सावल्या मॉडेल जड करतात. बघून झालं की बंद करा. हवे असलेले दोन-तीन क्षण सीन म्हणून साठवून ठेवा, सीनमध्ये सावलीची वेळही राहते.

लाइट गेली तर

प्रेफरन्सेसमध्ये जनरलखाली ऑटोसेव्ह आणि बॅकअप, दोन्हींवर टिक आहे का बघा. वेळ पाच मिनिटांवर ठेवा. बॅकअप फाइलचं शेपूट एसकेबी असतं. ते बदलून एसकेपी केलं की आधीच्या सेव्हची प्रत उघडते. इन्व्हर्टर बिघडलेल्या ऑफिसात उन्हाळा काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच प्रेफरन्सेसमध्ये शॉर्टकट्स आहे. काही कामांना मूळचं बटणच नसतं, ती मेनूत लपलेली असतात. त्यातली दोन तरी बटणावर आणा. एक, पेस्ट इन प्लेस: एका ग्रुपमधून कापलेली खिडकी दुसऱ्या ग्रुपमध्ये अगदी त्याच जागी बसवायला. दुसरं, हाइड रेस्ट ऑफ मॉडेल: ग्रुपच्या आत काम करताना आजूबाजूचं सगळं घर नाहीसं करायला. जी अक्षरं मोकळी आहेत ती द्या. कमांड कुठल्या मेनूत आहे ते आठवत नसेल तर २०२२ पासून शोधायचा चौकोन आलाय, तिथे नाव टाइप करा.

तिथेच एक्सपोर्टचं बटण आहे. आपले शॉर्टकट एका फाइलमध्ये काढून पेनड्राइव्हवर ठेवा. ऑफिसात दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसवलं, की इम्पोर्ट करायला अर्धा मिनिटही लागत नाही. फक्त उठताना मूळचे परत करून ठेवा, नाहीतर सकाळी त्या कॉम्प्युटरवरचा माणूस व्ही दाबेल आणि तुमच्या नावाने ओरडेल.